परिचारिकेला डॉक्टर होण्याची वाट का नाही?

बारावीचा निकाल लागला की देवणीसारख्या तालुक्याच्या गावी एक सल्ला हमखास दिला जातो. मुलीला डॉक्टर व्हायचे असते. ‘नीट’ परीक्षेत तिला पुरेसे गुण मिळालेले नसतात, आणि लातूरला खोली करून, शिकवणी लावून तिला आणखी एक वर्ष ठेवण्याची ऐपत घरात नसते. मग नात्यातला किंवा गावातला एखादा जाणता माणूस बापाला सांगतो, ‘‘औंदा नर्सिंगला घाला पोरीला. चार वर्षांनी त्यातूनच डॉक्टर होता येतंय की.’’ बापाला धीर येतो, मुलीला आशा वाटते, आणि सोयाबीनच्या पट्टीतून किंवा बैल विकून पहिल्या वर्षाची फी भरली जाते. ज्या गावाचे नाव एका नामांकित गोवंशाला मिळाले आहे, त्या गावात बैल विकणे ही किरकोळ गोष्ट नव्हे.

सल्ला देणाऱ्याला फसवायचे नसते. आजूबाजूला जे दिसते त्यावरून तो अनुमान काढतो. तंत्रनिकेतनाची पदविका घेतलेल्या मुलाला अभियांत्रिकीच्या पदवीला थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळतो, हे त्याने पाहिलेले असते. डी. फार्म. झालेला मुलगा बी. फार्म.च्या दुसऱ्या वर्षात जातो, हेही त्याला ठाऊक असते. परिचर्येच्या क्षेत्रात तर अशी शिडी आहेच. ए.एन.एम. झालेली मुलगी पुढे जी.एन.एम. करू शकते आणि जी.एन.एम. झालेली दोन वर्षांच्या पोस्ट बेसिक अभ्यासक्रमाने बी.एस्सी. होऊ शकते. मग बी.एस्सी. नर्सिंग झालेली मुलगी वैद्यकीय महाविद्यालयाच्या दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या वर्षात का जाणार नाही? हे अनुमान तर्काला धरून आहे, परंतु वस्तुस्थितीला धरून नाही.

वस्तुस्थिती अशी की, भारतात एम.बी.बी.एस.चा प्रवेश ‘नीट’च्या गुणवत्ता यादीतूनच होतो. परिचर्येची पदवी हाती असलेल्या मुलीला त्या यादीत एक गुण अधिक मिळत नाही. प्रवेश मिळालाच तर साडेचार वर्षांच्या अभ्यासक्रमातले एक सत्रही तिला माफ होत नाही. शरीररचना, शरीरक्रिया, जीवरसायन, सूक्ष्मजीवशास्त्र, विकृतिशास्त्र, औषधशास्त्र हे विषय ती परिचर्येच्या अभ्यासक्रमात शिकलेली असते. ते कमी खोलीने शिकलेली असते हे मान्य. परंतु काहीच शिकलेली नाही असे धरून तिला पहिल्या बाकावर बसविले जाते. तिची पात्रता ठरते ती बारावीच्या भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र या विषयांवरून. मधली चार वर्षे जणू घडलीच नाहीत. कला शाखेतून जी.एन.एम.ला गेलेल्या मुलीला तर आधी हे विज्ञानाचे विषय घेऊन बारावीच्या पातळीची परीक्षा द्यावी लागते. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ साली ‘नीट’साठीची कमाल वयोमर्यादा काढून टाकली, एवढीच सवलत तिच्या पदरात पडली. आता तेवीस वर्षांची परिचारिका सतरा वर्षांच्या मुलाशेजारी बसून परीक्षा देऊ शकते. देऊ शकते, इतकेच.

तेथेही तिची बाजू लंगडी असते. ‘नीट’चे एकूण गुण ७२०, त्यात जीवशास्त्राला ३६०, भौतिकशास्त्राला १८० आणि रसायनशास्त्राला १८०. परिचर्येच्या अभ्यासक्रमात भौतिकशास्त्राला स्वतंत्र स्थान नाही आणि रसायनशास्त्र येते ते जीवरसायनापुरते. म्हणजे निम्म्या गुणांचे विषय चार वर्षांत तिच्या हातून निसटलेले असतात. तिच्याशी स्पर्धा करणारा मुलगा मात्र त्याच काळात शिकवणीच्या वर्गात रोज भौतिकशास्त्राची गणिते सोडवीत असतो. जी वाट डॉक्टर होण्याकडे नेते म्हणून सांगितली जाते, ती या हिशेबाने तिला त्या दारापासून दूर नेते.

हिशेब आणखी पुढे न्यावा लागेल. अठराव्या वर्षी बारावी, बाविसाव्या वर्षी परिचर्येची पदवी, त्यानंतर ‘नीट’च्या तयारीची एक-दोन वर्षे, साडेचार वर्षांचा अभ्यास आणि एक वर्षाची आंतरवासिता: सर्व सुरळीत झाले तरी मुलगी तिशीला येते. या बारा वर्षांत तिने परिचारिका म्हणून मिळवला असता तो पगार बुडतो, आणि हा बुडालेला पगार घरच्या कोणत्याही वहीत लिहिलेला नसतो. मुंबईच्या किंवा पुण्याच्या सुखवस्तू घराला हे सोसते. दोन-तीन एकर कोरडवाहू जमिनीवर, मुलीच्या लग्नाची बोलणी सुरू झालेल्या घरात, ते सोसत नाही. परिणामी ती ‘नीट’ देतच नाही, किंवा नोकरी सांभाळून एकदा देते आणि सोडून देते. डॉक्टर होण्याचे राहून गेले म्हणून पुढची तीस वर्षे ती आपल्याच कामाकडे दुय्यम म्हणून पाहत राहते. ही हानी कोणत्याच हिशेबात धरली जात नाही.

म्हणून कार्यकर्त्यांनी पहिली गोष्ट ही करावी की, सल्ला मागायला आलेल्या पालकाला हे सारे स्पष्ट सांगावे. परिचर्या हा स्वतंत्र, कौशल्याचा आणि समाजाला अत्यंत गरजेचा व्यवसाय आहे. तो हवा असेल तर मुलीने अवश्य निवडावा. परंतु डॉक्टर होण्याची पायरी म्हणून तो निवडू नये, कारण आज ती पायरी नाही. ज्या मुलीला डॉक्टरच व्हायचे आहे तिच्या घराला आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती पुष्कळांना ठाऊक नसते. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने, आठ लाखांच्या आत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील आर्थिक दुर्बल, इतर मागास आणि सामाजिक-शैक्षणिक मागास प्रवर्गातील मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क शासन भरते. वैद्यकीय शिक्षण त्यात येते. प्रवेश मात्र केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला असावा लागतो आणि अभिमत विद्यापीठांना ही सवलत लागू नाही. तेव्हा अडचण आता मुख्यतः फीची नसून ‘नीट’च्या तयारीच्या त्या एका वर्षाची आहे, ते वर्ष उभे करता येईल काय, याचा विचार गावाने आणि संघटनेने करावयाचा आहे.

एवढ्याने प्रश्न संपत नाही. ही पायरी नाही, ती का नाही, आणि ती नसणे कोणाच्या सोयीचे आहे, हे विचारावेच लागेल.

वैद्यकीय व्यवसायात खालून वर जाण्याची वाट या देशात कधी नव्हतीच असे नाही. स्वातंत्र्यापूर्वी डॉक्टरांचे दोन वर्ग होते: विद्यापीठाचे पदवीधर आणि वैद्यकीय शाळांतून बाहेर पडलेले परवानाधारक. पुण्याचे बी. जे. हे अशीच एक वैद्यकीय शाळा म्हणून १८७८ मध्ये सुरू झाले आणि १९४६ मध्ये त्याचे महाविद्यालय झाले. त्याच वर्षी भोर समितीचा अहवाल आला. देशात एकाच दर्जाचा, पूर्ण शिकलेला डॉक्टर असावा असे समितीच्या बहुमताने ठरविले. परवानाधारकांचे शिक्षण इतक्यात बंद करू नये असे मत काही सदस्यांनी वेगळे नोंदविले होते. शाळा बंद झाल्या, पण त्यांतून शिकलेल्या परवानाधारकांना वाऱ्यावर सोडले नाही. त्यांच्यासाठी अनेक विद्यापीठांनी एम.बी.बी.एस.चे संक्षिप्त अभ्यासक्रम काढले. आधीचे शिक्षण आणि अनुभव जमेस धरून थोड्या वर्षांत पदवी देणे शास्त्राला मानवत नाही असे त्या वेळी कोणी म्हटले नाही. ते परवानाधारक बहुतेक पुरुष होते, ही गोष्टही येथे नोंदवून ठेवावी.

अलीकडचे उदाहरण घरचेच आहे. महाराष्ट्र शासनाने २०१४ साली कायद्यात दुरुस्ती करून होमिओपॅथीच्या पदवीधरांना एक वर्षाचा आधुनिक औषधशास्त्राचा अभ्यासक्रम पूर्ण केल्यावर आधुनिक औषधे देण्याचा मार्ग मोकळा केला. त्याविरुद्ध डॉक्टरांच्या संघटनांनी आंदोलने केली, न्यायालयात धाव घेतली. तो वाद अनेक वर्षे चालला. त्या निर्णयाच्या गुणदोषांत येथे शिरण्याचे कारण नाही. मुद्दा असा की, ज्यांचे मूळ शास्त्रच वेगळे आहे त्यांच्यासाठी शासनाने एका वर्षाचा पूल बांधला, आणि जी परिचारिका पहिल्या दिवसापासून आधुनिक वैद्यकाच्याच रुग्णालयात, त्याच औषधांची मात्रा मोजीत, त्याच शस्त्रक्रियेच्या टेबलाशी उभी असते तिच्यासाठी पुलाची चर्चासुद्धा झाली नाही. होमिओपॅथांची संघटना आहे, त्यांची महाविद्यालये चालविणारे संस्थाचालक विधानसभेत बसतात. परिचारिकांच्या संघटना आहेत, त्या संपही करतात. पण त्यांची शक्ती रिक्त पदे आणि कंत्राटी नेमणुका यांच्याशी झगडण्यातच खर्ची पडते.

चर्चा एकदा झाली होती, आणि ती फार लवकर मिटविण्यात आली. डॉ. कस्तुरीरंगन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०१९ मध्ये राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाचा जो मसुदा सादर केला, त्यात वैद्यकीय शिक्षणाची पहिली एक-दोन वर्षे सर्व शाखांना समान असावीत आणि परिचर्या, दंतवैद्यक इत्यादींच्या पदवीधरांना एम.बी.बी.एस.मध्ये मधूनच प्रवेश मिळावा, असे लिहिलेले होते. देवणीतला तो जाणता माणूस जे सांगतो तेच! २०२० मध्ये धोरण मंजूर होऊन आले तेव्हा ते वाक्य त्यात नव्हते. आयुर्वेद-होमिओपॅथीच्या सेतू अभ्यासक्रमाची तरतूद वैद्यकीय आयोगाच्या विधेयकातून वगळावी म्हणून जानेवारी २०१८ मध्ये देशभर डॉक्टरांनी काम बंद ठेवले होते आणि ती वगळली गेली. परिचारिकांच्या तरतुदीसाठी किंवा तिच्याविरुद्ध कोणाला दवाखाना बंद ठेवण्याची वेळच आली नाही.

याच शासनाला परिचारिकेकडून डॉक्टरचे काम करून घेण्यात मात्र संकोच वाटत नाही. २०१८ पासून उपकेंद्रांचे रूपांतर आरोग्यवर्धिनी केंद्रांत होऊ लागले आणि तेथे समुदाय आरोग्य अधिकारी नेमण्यात आले. आयुर्वेदाचे पदवीधर आणि परिचर्येचे पदवीधर किंवा पदविकाधारक यांना सहा महिन्यांचे प्रशिक्षण देऊन या जागी बसविले जाते. रक्तदाब, मधुमेह तपासणे, नेमून दिलेली औषधे देणे, गरोदर स्त्रियांची काळजी घेणे ही कामे तेथे चालतात. वैद्यकीय आयोगाच्या २०१९ च्या कायद्यातही मध्यम स्तरावरील सेवकांना प्राथमिक व प्रतिबंधक उपचारांपुरता मर्यादित परवाना देण्याची तरतूद आहे. जेथे डॉक्टर जात नाही तेथे परिचारिका चालते. नेमणूक कंत्राटी आणि मोबदल्याचा एक भाग कामाच्या मोजणीवर अवलंबून. परंतु पाच वर्षे एकटीने उपकेंद्र सांभाळलेल्या या स्त्रीने डॉक्टर व्हावयाचे म्हटले, की तिला पुन्हा भौतिकशास्त्रातील प्रकाशाचे अपवर्तन विचारले जाते. श्रमविभागणी म्हणून हे समजावून दिले जाते. जन्माने नव्हे, पण अठराव्या वर्षीच्या एका परीक्षेने माणसाची जागा आयुष्यभरासाठी ठरविणारी ही उतरंड आहे, आणि तिच्या खालच्या थरात स्त्रिया आहेत हा योगायोग नव्हे. रमाबाई रानडे यांच्या सेवासदनाने पुण्यात विधवा आणि गरजू स्त्रियांना ससून रुग्णालयात परिचर्येच्या शिक्षणासाठी पाठविले, तेव्हा समाजाने या कामाला हलके ठरविले होते. शतक उलटले, वाक्ये सभ्य झाली आहेत.

वेगळी व्यवस्था शक्य आहे काय, असे विचारणाऱ्याने फिलिपिन्सकडे पाहावे. तेथील विद्यापीठाने १९७६ मध्ये लेटे बेटावर आरोग्यशास्त्राची एक शाळा काढली. ती पुढे पालो या गावी चालू राहिली. विद्यार्थी गावाने निवडून पाठवावयाचा. त्याने आधी सुईणीचे शिक्षण घ्यावयाचे, मग परिचर्येचे, आणि पात्र ठरल्यास त्याच शिडीने पुढे डॉक्टर व्हावयाचे. प्रत्येक टप्प्यानंतर त्याने आपल्या गावी परत जाऊन काम करावयाचे आणि गावाने पुन्हा शिफारस केली तरच वरच्या टप्प्यावर जावयाचे. जो मध्येच थांबतो तोही रिकाम्या हाताने परतत नाही. तो सुईण किंवा परिचारक म्हणून गावाच्या उपयोगी पडतो. पदवीच्या अखेरीस परवान्यासाठी देशाची सर्वांना समान असलेली परीक्षा त्यांनाही द्यावी लागते. ज्या देशातून परिचारिका हजारोंनी परदेशी जातात, किंबहुना जेथे या शतकाच्या आरंभी डॉक्टरांनीच परिचर्येच्या पदव्या घेऊन अमेरिकेची वाट धरली होती, त्या देशात या शाळेचे बहुसंख्य पदवीधर मायभूमीतच काम करीत राहिले. बाजाराच्या ओढीपुढे संस्थेची रचना टिकू शकते, याचे हे उदाहरण होय.

यावर घेतल्या जाणाऱ्या आक्षेपांपैकी गुणवत्तेच्या आक्षेपाला फार वेळ देण्याचे कारण नाही. अंतिम परीक्षा समान असेल आणि प्रवेशासाठी परिचारिकांची स्वतंत्र, कठोर परीक्षा घेतली, तर गुणवत्ता कमी होण्याचा संभव नाही. भरभक्कम फी घेऊन व्यवस्थापनाच्या कोट्यातून जागा देताना हा आक्षेप घेणाऱ्यांना गुणवत्ता आठवत नाही. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. परिचारिकांचाच तुटवडा असलेल्या राज्यात चांगल्या परिचारिका डॉक्टर होऊ लागल्या तर वॉर्ड कोण सांभाळणार? आणि प्रत्येक परिचारिकेने डॉक्टर होण्याची आस धरावी, असे म्हणण्याने परिचर्येची प्रतिष्ठा वाढते की घटते? या प्रश्नात तथ्य आहे आणि चळवळीने तो टाळू नये. शिडी हवी ती थोड्यांसाठी, दीर्घ सेवेनंतर. बाकीच्यांसाठी परिचर्येतच वर जाण्याची जागा हवी. प्रसूतिशास्त्रातील आणि अतिदक्षता विभागातील ‘नर्स प्रॅक्टिशनर’चे अभ्यासक्रम देशात सुरू झालेले आहेत. ते शिकून आलेल्या परिचारिकेला त्या दर्जाचे पद, अधिकार आणि वेतन मिळाल्याशिवाय त्यांचा उपयोग प्रमाणपत्रापुरताच राहील. तुटवड्याविषयी म्हणावयाचे तर, तो परिचारिका वर गेल्याने झालेला नाही. पदे न भरल्याने आणि भरली ती कंत्राटाने भरल्याने झालेला आहे. कोंडून ठेवून मनुष्यबळ टिकविणे हा उपाय वेठबिगारीच्या अर्थशास्त्रातला आहे.

मराठवाड्याच्या संदर्भात या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. १९७४ च्या विकास आंदोलनापासून या विभागाने अनुशेषाची भाषा शिकली, आणि १९८४ मध्ये दांडेकर समितीने तो अनुशेष आकड्यांत मांडला. वैद्यकीय प्रवेशात विभागवार सत्तर-तीसचे सूत्र होते तेव्हा, महाविद्यालये थोडी असल्यामुळे येथील विद्यार्थ्यांना अधिक गुण असूनही जागा मिळत नाही, अशी रास्त तक्रार होती. २०२० मध्ये ते सूत्र रद्द झाले. पुढच्या काही वर्षांत धाराशिव, परभणी, जालना आणि हिंगोली येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालये निघाली. विभागाचा अनुशेष काही प्रमाणात भरून निघाला असे म्हणता येईल. पण विभागाच्या आतला अनुशेष? राज्यभर खुल्या झालेल्या जागांचा लाभ ज्यांना लातूरच्या शिकवणीची फी आणि दोन वर्षांचा राहण्याचा खर्च परवडतो त्यांनी उचलला. १९९९ मध्ये उदगीरपासून वेगळा होऊन तालुका झालेल्या, कर्नाटकाच्या सीमेवरच्या देवणीतल्या शेतमजुराच्या मुलीला त्याचा काय उपयोग झाला, हे विचारणे ही समाजवाद्यांची जबाबदारी आहे. विभागाच्या नावाने मिळविलेले वर्गाच्या हाती जाते, हा अनुभव पाण्याच्या आणि साखर कारखान्यांच्या बाबतीत मराठवाड्याने पुरेसा घेतला आहे.

विशेष जागा ठेवणे कायद्यात बसत नाही, असे म्हणणाऱ्यांनी तामिळनाडूचे उदाहरण पाहावे. तेथील विधानसभेने २०२० मध्ये कायदा करून, शासकीय शाळांत शिकून ‘नीट’ उत्तीर्ण झालेल्या मुलांसाठी वैद्यकीय प्रवेशात साडेसात टक्के जागा ठेवल्या. ‘नीट’ची अट कायम राखूनही राज्याला पुष्कळ करता येते, हे त्यातून दिसले. महाराष्ट्राच्या विधानसभेला हे अशक्य नाही. ग्रामीण भागात शासकीय सेवेची दहा वर्षे पूर्ण केलेल्या आणि ‘नीट’ उत्तीर्ण झालेल्या परिचारिका व आरोग्यसेविका यांच्यासाठी शासकीय महाविद्यालयांत काही जागा राखून ठेवाव्यात. तयारीसाठी त्यांना एक वर्षाची आणि शिक्षणकाळासाठी पूर्ण वेतनी रजा द्यावी, आणि त्या बदल्यात त्यांनी आपल्याच जिल्ह्यात ठरावीक वर्षे सेवा द्यावी. आधीच्या शिक्षणाचे विषय जमेस धरण्याचा अधिकार केंद्रीय आयोगाचा आहे. तेथे २०१९ च्या मसुद्यातील वगळलेले वाक्य परत आणण्यासाठी राज्याने ठराव करावा.

आरंभ कोठून करावयाचा हेही सांगता येईल. अंबाजोगाईचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९७५ च्या सुमारास निघाले ते ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय म्हणून, खेड्याला डॉक्टर मिळावा या उद्देशाने, आणि त्याला नाव दिले स्वामी रामानंद तीर्थांचे. तेथल्या वर्गात दरवर्षी पाच जागा जरी मराठवाड्याच्या उपकेंद्रांत दहा वर्षे घालविलेल्या परिचारिकांसाठी ठेवल्या, तरी देवणीतल्या त्या बापाला दिलेला सल्ला पहिल्यांदाच खरा ठरू लागेल. येत्या अधिवेशनाच्या आधी लातूर आणि नांदेड जिल्ह्यांतील परिचारिकांच्या संघटनांशी बोलून या मागणीचे निवेदन तयार करावे, आणि त्याच वेळी तालुक्या-तालुक्यांत, निकालाच्या आठवड्यात, पालकांसाठी माहितीचे केंद्र चालवावे.